पीनट बटर न घालता कुत्र्याचा खाऊ: मोहन, उकड आणि कलेजीची पूड

कुत्र्यासाठी घरी काहीतरी खाऊ करावा म्हणून रेसिपी शोधायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत पीनट बटर येतंच. या रेसिपी बऱ्याचशा अमेरिकेतल्या, तिकडे ते घरोघरी असतं, आपल्याकडे दाण्याचं कूट असतं, आणि बटर असलंच तर ते जिमला जाणाऱ्या पोराचं असतं आणि त्याच्या डब्याला हात लावलेला त्याला चालत नाही. मग लोक विचारतात, पीनट बटरच्या ऐवजी काय घालू, आणि उत्तरंही धडाधड येतात, दही घाला, केळं घाला, तूप घाला. तसं करून बघितलं की कोणाच्या बिस्किटांचा भुगा होतो, कोणाची दगड होतात, कोणाची चार दिवसांत बुरसटतात, आणि कोणाचा कुत्रा नुसता हुंगून चालायला लागतो.

त्यात त्या दह्याचा किंवा केळ्याचा दोष नाही. पीनट बटर त्या रेसिपीत एकटं चार कामं करत असतं: वास आणायचा, मोहन म्हणून वागायचं, पीठ धरून ठेवायचं, आणि रबरी खेळण्यात किंवा ताटलीत भरलं तर तिथे चिकटून बसायचं. एवढं सगळं एकट्याने करणारा दुसरा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात सहसा नाही, पण यातलं एकेक काम करणारे भरपूर आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातले काही पीनट बटरपेक्षा बरेच सरस आहेत. म्हणून आधी आपल्याला यातलं कुठलं काम हवंय ते ठरवायचं, मग डबे उघडायचे.

पण त्याआधी, ते पीनट बटर नको तरी का असतं लोकांना? कारण साधं पीनट बटर, म्हणजे नुसते भाजून वाटलेले दाणे, कुत्र्याला विषारी वगैरे अजिबात नाही. बऱ्याच घरांत कारण कुत्र्याचं नसून माणसाचं असतं, लहान मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते, आणि कुत्रा बटर चाटून लगेच त्या मुलाचं तोंड चाटणार हे कोण थांबवणार. कुत्र्यांमध्ये स्वतः शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तशी कमी दिसते, त्यांना खाण्याची अ‍ॅलर्जी असते ती जास्त करून बीफ, दूध, चिकन आणि गहू यांची. दुसरं कारण चरबी. पीनट बटरमध्ये वजनाच्या जवळपास निम्मी चरबी असते, एका मोठ्या चमच्यात ९५ च्या आसपास कॅलरी, आणि ज्या कुत्र्याला आधी कधी स्वादुपिंडाची सूज येऊन गेलीये त्याच्या बाबतीत तर डॉक्टर तेलकट म्हटलं की हात जोडतात.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते पुढे पीनट बटर सोडून बाकी वस्तूंनाही लागू आहे, झायलिटॉल. हे साखरेच्या ऐवजी घालतात ते गोड द्रव्य, शुगर फ्री आणि कीटो वाल्या वस्तूंमध्ये सापडतं, च्युइंग गममध्ये असतं, काही टूथपेस्ट आणि माउथवॉशमध्येही असतं. माणसाच्या स्वादुपिंडाला त्याचं फार काही वाटत नाही, म्हणून तर ते डायबेटिसवाल्यांना चालतं. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला साखरच समजतं आणि भसाभस इन्सुलिन सोडतं, आणि रक्तात खरी साखर तर वाढलेलीच नसते, त्यामुळे आहे ती साखर झपकन खाली येते, कधी अर्ध्या-पाऊण तासातच कुत्रा लडखडायला लागतो, उलट्या, झटके. वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅमच्या वर पोटात गेलं की साखर पडायचा धोका, ०.५ ग्रॅमच्या वर लिव्हर जायचा धोका. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम पुरे. लेबलवर ते झायलिटॉल म्हणून लिहिलेलं असेल, बर्च शुगर असेल, किंवा नुसता आयएनएस ९६७ किंवा ई ९६७ असा नंबर असेल, तिन्ही एकच. असं काही खाल्लंय असं नुसतं वाटलं तरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायच्या फंदात न पडता डबा हातात घेऊन सरळ डॉक्टर गाठायचा.

आणि कोणी म्हणेल की मी घरीच दाणे वाटते, त्यात कसलं आलंय झायलिटॉल. बरोबर आहे, पण दाणे कुठले आहेत ते बघा. खवट, सुरकुतलेले, काळपट डाग पडलेले दाणे आपण चटणीत घेत नाही आणि "कुत्र्याला होतील" म्हणून बाजूला ठेवतो, ही सवय फार वाईट. अशा दाण्यांवर जी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते लिव्हरवर जातं, भाजल्याने थोडं कमी झालं तरी पूर्ण जात नाही, आणि कुत्रे त्याला चांगलेच नाजूक असतात. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरच्या पंचमहाल, बांसवाडा भागात अवेळी पावसात भिजून बुरसटलेला मका खाऊन कावीळ पसरली, शंभराहून जास्त माणसं गेली, आणि त्याच घरांतलं तेच खाणारे कुत्रेही त्यात मेले. तेव्हा माणसाला नको ते कुत्र्यालाही नकोच.

आता कामं एकेक घेऊ.

वास

हे पहिलं घेतोय कारण कुत्र्याच्या दृष्टीने बाकी सगळं नंतर येतं. त्याच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या गाठी साधारण १७००, आपल्या जिभेवर नऊ हजारांच्या आसपास, पण नाक मात्र आपल्याला कल्पनाही येणार नाही असं. खाऊ आवडला की नाही हे तोंडात जायच्या आधीच ठरलेलं असतं. नेटवरच्या रेसिपीत दालचिनी, व्हॅनिला, मध असलं काय काय असतं ते सगळं माणसाच्या समाधानासाठी, कुत्र्याला त्याचं देणंघेणं नाही.

मांसाहार चालत असेल तर सगळ्यात स्वस्त आणि हुकमी वस्तू म्हणजे कलेजी. चिकनवाल्याकडे कलेजी-पेठा मागितलं की मिळतं. कलेजी धुऊन दहा-बारा मिनिटं साध्या पाण्यात उकळायची, मीठ हळद काही नाही, गार झाली की पातळ चकत्या करायच्या, आणि तव्यावर एकदम मंद गॅसवर उलटसुलट करत भाजायच्या. सुरुवातीला त्या नुसत्या वाफ सोडतात, मग कडा तपकिरी व्हायला लागतात आणि त्याच वेळी वास बदलतो, उकडल्याचा वास जाऊन भाजल्याचा येतो, आणि कुत्रा कुठल्याही खोलीत असला तरी ओट्यापाशी येऊन बसतो. पूर्ण कुरकुरीत झाल्यावर मिक्सरमधून पूड करायची आणि बाटलीत भरून फ्रीजमध्ये. एका वाटी पिठाला एक चमचा पूड बास होते. जास्त घालायचा मोह होतो पण घालू नका, कारण कलेजीत व्हिटॅमिन ए प्रचंड असतं, ते शरीरात साठत जातं, रोज भरपूर कलेजी खाणाऱ्या प्राण्यांची हाडं-सांधे बिघडतात. मसाला म्हणून वापरा, मुख्य जिन्नस म्हणून नको. (आणि खिडक्या उघडायच्या आधी सोसायटीत वरच्या मजल्यावर कोण राहतं तेवढं आठवा, कलेजी भाजल्याचा वास जिन्यातून तीन मजले जातो.)

किनारपट्टीवर राहणाऱ्यांना तर याहून सोपं. सुके बोंबील किंवा जवळा. बोंबील बहुतेक ठिकाणी बिनमिठाचेच वाळवतात, पण वाळू असतेच, म्हणून भिजवून दोन-तीन पाण्यांतून काढायचे, पुन्हा कोरडे करायचे, भाजून पूड. खारवलेला मासा म्हणजे खारा बांगडा, खारी सुरमई हे मात्र नाही, त्यातलं मीठ धुऊन जाईल या भरवशावर राहू नका.

शाकाहारी घरात लोक अडतात, पण तिथेही एक भारी गोष्ट आहे, तुपाची बेरी. लोणी कढवल्यावर तळाशी जी तपकिरी खमंग बेरी उरते ती चिमूटभर पिठात घाला आणि बघा. तुपकट असते म्हणून चिमूटभरच, आणि स्वादुपिंडाचा त्रास असलेल्याला तीही नको. नाहीतर भाजलेले तीळ, किंवा पनीर किसून तव्यावर लालसर परतलेलं. पीनट बटरचा वास कशाने येतो, तर दाणे भाजल्याने, म्हणजे शेवटी सगळी जादू भाजण्यातच आहे, पदार्थ कुठला का असेना.

मोहन

फराळ केलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. शंकरपाळ्यात मोहन कमी पडलं की त्या दातात अडकणाऱ्या वाद्या होतात, जास्त झालं की तळताना विरघळतात. पीनट बटरमधलं तेल इथे नेमकं मोहनाचं काम करत असतं, पिठाच्या कणांवर चरबीचा पातळ थर बसतो, कण एकमेकांना घट्ट धरू शकत नाहीत, म्हणून बिस्किट खुसखुशीत होतं. ते काढून टाकून दही किंवा केळं घातलं तर त्यात पाणीच जास्त असतं, चरबी फारशी नसते, म्हणून गरम असताना बिस्किट मऊ आणि गार झाल्यावर दगड. लोकांची बिस्किटं का दगड होतात त्याचं हे उत्तर.

यावर उपाय दोन छोटे चमचे तेल, एवढंच. वाटी-दीड वाटी पिठाला तेवढं पुरतं. घाण्याचं खाण्याचं खोबरेल, तिळाचं, करडईचं, घरात असेल ते, नाहीतर तूप. फराळाएवढं मोहन घालायची गरज नाही, इथे कोणी पाहुणे येणार नाहीयेत.

पीठ धरून ठेवणं

इथे बहुतेक जण आपटतात. कणीक घेतली तर प्रश्नच नाही, गव्हात ग्लुटेन असतं, ते मळल्यावर ताणलं जातं आणि पीठ एकत्र धरतं. पण बऱ्याच जणांना गहू नको असतो, मग नाचणी नाहीतर ज्वारी घेतात, त्यात ग्लुटेन नाही, लाटायला गेलं की कडा फाटतात आणि भाजल्यावर बोटाने दाबलं की माती. पीनट बटर चिकट असल्याने तिथे निभावून जातं, ते काढलं की निभत नाही.

आता तांदळाच्या भाकरीचं पीठ आपण कसं मळतो? उकड काढून. तीच युक्ती इथे. पिठातल्या स्टार्चचे कण थंड पाण्यात नुसते भिजून पडून राहतात, पण साधारण ६५-७० डिग्रीच्या पुढे गरम पाण्यात ते फुगतात, फुटतात आणि खळीसारखे चिकट होतात. म्हणजे चिकटपणा त्या पिठातच आहे, तो बाहेर काढायला उकळतं पाणी लागतं. मोदकाची पारी पण याच जिवावर उभी असते. सगळ्या पिठाची उकड काढायची गरज नाही, निम्म्याची काढा आणि उरलेलं कोरडं मळताना घ्या, नाहीतर बिस्किटं चिवट होतील. जोडीला एक अंडं चालत असेल तर उत्तमच, भाजताना अंड्यातलं प्रथिन गोठतं आणि आतून बांधून ठेवतं.

इथे कोणीतरी विचारणारच की कुत्र्याला पीठ पचतं का, तो तर लांडग्याचा वंशज. पचतं. २०१३ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात स्वीडनमधल्या संशोधकांचं काम आलं, त्यात लांडग्यात स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या दोन प्रती सापडल्या आणि कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत. माणसांच्या खरकट्यावर हजारो वर्षं काढल्याचा परिणाम. गावाकडचा राखणीचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर जगलाय हे आपल्याला कोणी सांगायला नको होतं म्हणा. मात्र पीठ शिजलेलं हवं, कच्चं पचायला जड, आणि यीस्ट घातलेलं कच्चं पीठ तर पोटात फुगतं आणि त्याची दारू व्हायला लागते, ते अजिबात नको.

करायचं कसं

आता हे सगळं एकत्र. वाटीभर लाल भोपळा किसून वाफवून घ्या, साधारण १०० ग्रॅम. पाऊण वाटी पाणी उकळा, त्यात दोन चमचे तेल, आणि पाणी खळखळलं की ७५ ग्रॅम नाचणीचं पीठ टाकून ढवळा, गॅस बंद, झाकण ठेवून दहा मिनिटं विसरा. मग त्यात भोपळा, एक अंडं, चमचाभर कलेजीची किंवा बोंबलाची पूड आणि अजून ७५ ग्रॅम कोरडी नाचणी घालून मळा. उकड कोमट झाल्यावरच अंडं घाला, गरमागरम असताना घातलं तर त्याची भुर्जी होईल. भोपळ्यात पाणी किती आहे त्यावर पीठ कमीजास्त लागेल, गोळा हाताला चिकटायचा थांबला की झालं. मीठ नाही, गूळ नाही, सोडा नाही. बेकिंग पावडर कशाला लागते मला कळत नाही, कुत्रा काही बिस्किट फुगलंय का बघत नाही.

अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, सुरीने शंकरपाळ्यासारखे साधारण ६० तुकडे करा. ओटीजी १६० डिग्रीवर, २५-३० मिनिटं. मग तापमान १०० वर आणून दार किंचित उघडं ठेवून अजून तासभर, हे वाळवण्यासाठी, याचं कारण खाली येतंय. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून वर ताटली, झाकण, मंद गॅस, नानकटाई करतात तसं. काही लोक शिट्टी आणि रिंग काढून कुकरमध्ये करतात, पण पाण्याशिवाय कुकर तापवू नका असं कुकरसोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, तेव्हा कढईच बरी.

झालेलं बिस्किट अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. नखाची थोडी तरी खूण उमटली पाहिजे किंवा बोटांनी मोडलं पाहिजे, दोन्ही होत नसेल तर ते दातांसाठी जास्तच कडक आहे, म्हाताऱ्या कुत्र्याला किंवा पिल्लाला देऊ नका, गरम पाण्यात भिजवून द्या.

नाचणीबद्दल एक सांगायचं राहिलं, तिच्यात कॅल्शियम भरपूर आणि मूतखडे बनवणारं ऑक्झलेटही असतं, रताळ्यातही असतं, तेव्हा ज्या कुत्र्याला मूतखड्याचा त्रास आहे त्याच्यासाठी आधी डॉक्टरला विचारून ज्वारीवर जा. किडनीचं काही असेल तरी तेच.

किती द्यायचा

सगळीकडे सांगतात तो नियम म्हणजे दिवसाच्या कॅलरीपैकी खाऊ १० टक्क्यांच्या आत. पण दिवसाच्या कॅलरी किती हे कोणी सांगत नाही. डॉक्टर लोक जो हिशोब करतात तो असा, किलोतल्या वजनाचा ०.७५ वा घात काढायचा, गुणिले ७०, म्हणजे नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा, आणि नसबंदी झालेल्या साध्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला पुन्हा १.६ ने गुणायचं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. दहा किलोच्या कुत्र्याचं येतं ६३० च्या आसपास, म्हणजे खाऊला ६० कॅलरी. पाच किलोवाल्याला ३५ आणि २५ किलोच्या लॅबला १२५. (वजन दुप्पट झालं म्हणून खाणं दुप्पट होत नाही हे यात छान दिसतं.)

वरच्या पूर्ण घाण्यात नाचणीच्या ४९० कॅलरी, अंड्याच्या ७०, तेलाच्या ९०, भोपळ्याच्या २५, मिळून पावणेसातशे. साठ तुकडे म्हणजे एकाला अकरा. म्हणजे दहा किलोवाल्याला दिवसाला पाच. आणि आता तो पीनट बटरचा ९५ कॅलरीचा मोठा चमचा आठवा, एका चमच्यात दिवसाच्या कोट्याच्या दीडपट कॅलरी झाल्या. बसणं-उठणं शिकवत असाल तर एकेका शंकरपाळीचे चार तुकडे करा, कुत्रा तुकडे मोजतो, आकार बघत नाही.

टिकतं किती

या भागाला लोक महत्त्व देत नाहीत आणि पावसाळ्यात पस्तावतात. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा मोकळं पाणी किती आहे यावर बुरशी येणार की नाही ते ठरतं. काही पाणी साखर-मीठ-स्टार्चने धरून ठेवलेलं असतं, ते बुरशीला वापरता येत नाही, उरलेलं वापरता येतं. या मोकळ्या पाण्याला शून्य ते एक असा आकडा देतात, शुद्ध पाण्याला १. जवळपास सगळे बॅक्टेरिया ०.८५ च्या खाली वाढायचे थांबतात, पण बुरशी हट्टी, ती ०.६-०.६५ पर्यंत तग धरते. भोपळा घातलेलं बिस्किट वरून कोरडं दिसतं आणि आत हा आकडा अजून वरच असतो, म्हणून तो तासभराचा दुसरा फेरा.

आणि बिस्किट वाळलं म्हणजे संपलं असं नाही, ते हवेतला ओलावा परत ओढून घेतं. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८०-९० टक्के असते, डबा दिवसातून पाच वेळा उघडला जातो, आठवड्यात ते परत सादळतं. पापड सादळला की आपण भाजून खातो, इथे तसा विचार करू नका. नागपूर-सोलापूरकडे मे महिन्यात हेच बिस्किट दोन-तीन आठवडे सहज राहतं. पावसाळ्यात आठवड्यापुरतं बाहेर, बाकीचं फ्रीजरमध्ये, तिथे दोन-तीन महिने. एका बिस्किटावर पांढरा-हिरवा डाग दिसला तर खरवडून बाकीची वापरायची नाहीत, अख्खा डबा केरात, आणि पिशवीची गाठ बांधून, नाहीतर खालचे भटके कुत्रे खातील.

नुसत्या चिकनच्या वाळवलेल्या पट्ट्या करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, डिहायड्रेटर साठ-सत्तर डिग्रीवर चालतो, आणि कच्चं मांस हळूहळू वाळत गेलं की त्यातले बॅक्टेरिया कोरडेपणाला सरावतात आणि मग उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं सांगतं की चिकन आधी आतपर्यंत ७४ डिग्री गरम करा, मग वाळवा. आपल्या भाषेत, आधी नीट उकळा.

स्वयंपाकघरातली बाकीची विषं

कांदा आणि लसूण, कच्चे शिजलेले सुके पावडर कसेही, रक्तातल्या लाल पेशी फोडतात, म्हणून रस्श्यातलं चिकन धुऊन देणं हा प्रकार बंद. चॉकलेट तर सगळ्यांना माहीत आहे. मनुका-बेदाण्यांनी किडनी जाऊ शकते, आणि का, हे कित्येक वर्षं कोडं होतं, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा तज्ज्ञांनी टार्टारिक अ‍ॅसिडकडे बोट दाखवलं. आपल्यासाठी यातली मोठी बातमी द्राक्षांच्या पुढे आहे, कारण तेच अ‍ॅसिड चिंचेत ठासून भरलेलं असतं आणि चिंच खाऊनही कुत्र्यांना त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा आमटीभात देणाऱ्यांनी जरा विचार करा. जायफळ पण नको. परदेशात राहणाऱ्यांनी डब्यातला भोपळा आणताना नुसता भोपळा घ्यावा, "पाय फिलिंग" म्हणजे गोड सारण असं लिहिलेल्या डब्यात साखर आणि जायफळ असतं, शेजारी-शेजारीच ठेवलेले असतात. आणि तिकडे पीनट बटरऐवजी सूर्यफुलाच्या बियांचं बटर मिळतं, त्याचंही लेबल वाचा, झायलिटॉल त्यातही घालू शकतात.

चिकटून बसणं, आणि गोळी

पोकळ रबरी खेळण्यात किंवा चाटायच्या खडबडीत ताटलीत भरायला काहीतरी घट्ट हवं असतं, हे चौथं काम. इथे चक्का. श्रीखंडाचा, साखर घालायच्या आधीचा. वयाने मोठ्या कुत्र्यांना दुधातली लॅक्टोज साखर नीट पचत नाही, दह्यात ती थोडी कमी होते आणि पाणी निथळून गेलं की अजून कमी, म्हणून दूध सोसत नाही अशा बऱ्याच कुत्र्यांना चक्का चालतो. उकडलेलं रताळं कुस्करून निम्मं-निम्मं मिसळा, खेळण्यात दाबून भरा, फ्रीजरमध्ये ठेवा, फटाक्यांच्या रात्री किंवा घरी कोणी नसताना अर्धा तास तरी निघतो. भाजलेल्या तिळाची पेस्ट हुबेहूब पीनट बटरसारखी चिकटते पण कॅलरीही हुबेहूब तेवढ्याच, म्हणून नखभर.

गोळी लपवायलाही लोक पीनट बटर वापरतात. त्याऐवजी पनीरचा गोळा सगळ्यात सोयीचा, पण आपल्याकडे गोचीड तापाला जी डॉक्सिसायक्लिन देतात ती मात्र पनीर-चक्क्यातून देऊ नका, दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून बसतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. एनरोफ्लॉक्सासिनचंही तसंच. त्यांच्यासाठी उकडलेल्या चिकनचा तुकडा चिरून त्यात गोळी, नाहीतर रताळ्याचा गोळा. डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, त्यामुळे गोळी गेल्यावर मागून थोडं जेवण किंवा पाणी पोटात गेलंच पाहिजे. आधी एक नुसता गोळा, मग गोळीवाला, आणि तो गिळायच्या आत तिसरा नाकासमोर धरायचा, म्हणजे चावत बसत नाही.